घारापुरीच्या दगडी हत्तीभोवती ट्रेझर हंट: प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

विषय ठरला. भायखळ्याला राणीच्या बागेच्या तोंडाशी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्या इमारतीबाहेर जो दगडी हत्ती उभा आहे, त्याच्याभोवती मुलांसाठी ट्रेझर हंट बांधायचा. वय नऊ ते चौदा. चार-पाच मुलांचा एक गट आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. खेळ दीड तासात संपायला हवा.

मुंबईत पुतळ्यांची कमी नाही. मग हाच का, असं आमच्यातल्या ताईंनी विचारलं. माझं उत्तर असं: पोर्तुगीज घारापुरीला उतरले तेव्हा हा हत्ती तिथल्या जुन्या बंदराजवळ उभा होता, आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तेच नाव आज जगाच्या तोंडी आहे. १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत लेणी गेली तीही त्याच नावानं. गेटवेवरून लाँचमध्ये बसून माणसं त्या बेटावर जातात, महेशमूर्तीसमोर उभी राहतात आणि परत येतात. ज्या हत्तीमुळे नाव पडलं तो मात्र भायखळ्यात आहे आणि त्याच्या अंगावरून माणसं पेंग्विन बघायला जातात. मला हे फार लागतं. त्याच्याकडे कुणी थांबून बघावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

९ ऑक्टोबर

माहितीचा कच्चा कागद तयार केला. कोडी लिहिण्याआधी हा कागद पक्का हवा, कारण मुलं जे ऐकतात ते वर्षानुवर्षं सांगत राहतात.

हत्ती काळ्या बेसॉल्टचा, एकाच कातळातून कोरलेला. जुन्या मापांप्रमाणे लांबी १३ फूट २ इंच आणि उंची ७ फूट ४ इंच, म्हणजे साधारण चार मीटर लांब आणि सव्वादोन मीटर उंच. पाठीवर आणखी एक छोटा प्राणी होता. जुन्या प्रवाशांपैकी कुणाला ते हत्तीचं पिलू वाटलं, कुणाला वाघ. १७१२ मध्ये कॅप्टन पाईक यानं हत्तीचं चित्र काढलं. त्याच सुमारास इकडे असलेला अलेक्झांडर हॅमिल्टन लिहून गेला की, दोनशे यार्डांवरून पाहिलं तर तीक्ष्ण नजरेचा माणूसही त्याला खरा हत्ती समजेल.

सप्टेंबर १८१४ मध्ये डोकं आणि मान गळून पडली. उरलेलं धड तसंच बेटावर राहिलं. १८६४ मध्ये हत्ती इंग्लंडला न्यायचं ठरलं आणि क्रेननं उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईला, तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत आणले गेले. पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती १९१४ ची गोष्ट. फुटलेल्या दगडाचा ढीग समोर आहे, आणि त्यात हत्तीचा खांदा कुठला, पोट कुठलं, पाय कुठला हे कुणीतरी बसून ओळखतंय. मोडलेली मूर्ती बाजूला टाकून देण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे तुकड्यांतून जनावर परत उभं केलंय. खेळाचा कणा हाच ठेवायचा: प्रत्येक गटाला हत्तीच्या चित्राचे तुकडे मिळत जातील आणि शेवटी ते जुळवायचे.

१२ ऑक्टोबर

जीपीएसवर चालणारा खेळ करावा, असं एका दादाचं म्हणणं. त्याला जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या मदतीनं लपवलेला डबा शोधण्याच्या खेळाचा, नाद आहे. त्याच्याकडून कळलेली एक गोष्ट छान आहे. अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली गफलत मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यानं पहिला डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवले. तिथून तो खेळ जगभर गेला.

पण मोकळ्या आभाळाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो आणि झाडांखाली, इमारतीलगत त्याहून जास्त. आमचा हत्तीच चार मीटरचा. फोन हातात धरून मूल हत्तीशेजारून निघून जाईल आणि पडद्यावरचा ठिपका बघत बसेल. म्हणजे जे आज होतंय तेच पुन्हा. फोन खेळात नको, हे ठरलं. दादाला ते पटलं. त्यानं हातानं काढलेल्या नकाशाची जबाबदारी घेतली.

१८ ऑक्टोबर

सकाळी आवारात जाऊन पाहणी केली. सावली कुठे पडते, पायऱ्या कुठे आहेत, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला कुठून जाता येईल, एका वेळी दोन गट एकाच ठिकाणी आले तर उभे कुठे राहतील, हे सगळं नकाशावर घेतलं. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. रविवारी दुपारनंतर गर्दी फार होते, त्यामुळे खेळ सकाळीच उरकायचा.

मग हत्तीसमोर बसले. तासभर तरी बसले असेन. येणारे लोक त्याच्याकडे बघत नव्हते असं नाही. बघत होते, मूल एक बोट दाखवून "हत्ती!" म्हणत होतं, आणि आई-बाबा "हो, हत्ती, चल" म्हणून पुढे जात होते. ओळख पटली की नजर संपते, तेवढ्यावर काम भागतं. हत्ती हा प्राणी मुलांना इतका पाठ आहे की या हत्तीकडे वेगळं काही पाहायचं असेल, हे मनात येत नाही. म्हणजे आमच्या खेळात "हत्ती शोधा" हे काम असून चालणार नाही. हत्ती सापडल्यावरच खरा खेळ सुरू व्हायला हवा.

२२ ऑक्टोबर

आज सगळा आराखडा बदलला, आणि फार चांगला बदलला.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला काळा घोडा आहे. तो खरा, मूळचा. जोसेफ एडगर बोहम यानं घडवलेला, आल्बर्ट ससून यानं शहराला दिलेला, प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे तो सातवा एडवर्ड झाला) अश्वारूढ ब्राँझ पुतळा. १८७९ मध्ये फोर्टात बसवला. लोकांनी राजपुत्राचं नाव घेतलं नाही, घोड्याचा रंग पाहून चौकालाच काळा घोडा म्हटलं. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून भायखळ्याला आणला. चौकाचं नाव तेच राहिलं, आणि २०१७ मध्ये त्या जागी स्वाराविना नवा घोडा उभा राहिला.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. एका जनावरानं बेटाला नाव दिलं, दुसऱ्यानं चौकाला. दोघांनाही आपापल्या जागेवरून उचललं, आणि दोघंही एकाच आवारात येऊन उभी आहेत, मधे फक्त संग्रहालयाची इमारत. नावं तिकडे नांदतायत आणि नावाचे धनी इकडे. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "अगं, मग खेळाला आणखी काय हवंय?"

तिसरं ठाणं म्हणून संग्रहालयाबाहेरचा डेव्हिड ससून घड्याळ मनोरा घेतला. घोडा देणारा आल्बर्ट हा डेव्हिडचा थोरला मुलगा. म्हणजे बापाच्या नावाचा मनोरा पुढे आणि मुलानं दिलेला घोडा मागे, असं हे एकाच आवारात जुळून आलंय. मनोऱ्यावर चार दिशांना तोंड करून चार चेहरे कोरले आहेत: सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र. मुलांना मान वर करून बघायला लावायला हे उत्तम.

क्रम: मनोरा, मग घोडा, शेवटी हत्ती. संग्रहालयाच्या आतला भाग खेळात घेतला नाही. १८७२ पासूनची ती इमारत आणि आतल्या वस्तू एवढ्या आहेत की मुलं आत गेली की हत्ती विसरतील. खेळ संपल्यावर ज्यांना जायचं त्यांनी सावकाश आत जावं.

२ नोव्हेंबर

कोडी लिहिली. सरळ सूचना देण्यापेक्षा जुन्या उखाण्यांच्या चालीवर दोन-दोन ओळी करायच्या, म्हणजे मुलं धावताना ती म्हणत जातील. मनोऱ्यासाठी:

सकाळ बघते एकीकडे, रात्र दुसरीकडे,
जन्माच्या शेजारणी, पण भेट ना घडे.

घोड्यासाठी:

पाठीवर बसला राजपुत्र, नाव चाललं माझं,
चौक राहिला तिकडे, इकडे आलं ओझं.

हत्तीसाठी:

बेटाला दिलं नाव, बेट आलो सोडून,
तुटून पडलो एकदा, उभा राहिलो जोडून.

हत्तीच्या दोन ओळींवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. आधी त्यात सोंड, सुपासारखे कान, खांबासारखे पाय असं सगळं होतं. ते काढून टाकलं. असलं वर्णन कुठल्याही हत्तीला लागू पडतं. तुटणं आणि जोडलं जाणं हे फक्त याच हत्तीचं आहे.

कोड्यांचा एक नियम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला: उत्तर फोनवर शोधून मिळता कामा नये, तिथे उभं राहूनच मिळालं पाहिजे. सालं विचारायची नाहीत. घोड्याचे किती पाय टेकलेले आहेत, स्वाराचा चेहरा कुठल्या बाजूला आहे, मनोऱ्यावरच्या चौघांपैकी कुणाचे डोळे मिटल्यासारखे वाटतात, असे प्रश्न. शेवटच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसलं तरी चालेल. त्यावर गटात भांडण व्हावं, हीच इच्छा.

घोड्याच्या पायांचा प्रश्न आला की कुणीतरी मोठं माणूस हमखास सांगतं की, एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमांनी गेला, दोन्ही उचललेले असतील तर रणात पडला. स्वयंसेवकांना हे आधीच समजावून ठेवलं. हा पुतळा १८७९ चा आणि सातवा एडवर्ड गेला १९१० मध्ये, आजारपणानं. पुतळा घडवताना स्वार जिवंत होता, तर त्याचं मरण घोड्याच्या पायात कुठून येणार? मुलांना ही दोन सालं सांगायची आणि बाकीचं त्यांनाच ठरवू द्यायचं. मुलं हे चटकन पकडतात.

९ नोव्हेंबर

परवानगीचं काम झालं. अटी सरळ आहेत आणि आम्हालाही त्याच हव्या होत्या: पुतळ्यांना हात लावायचा नाही, कुठे काही चिकटवायचं नाही, जमिनीवर खडूनं लिहायचं नाही, रोपांत शिरायचं नाही.

लपवलेली चिठ्ठी किंवा डबा हा प्रकारच ठेवला नाही. मुंबईत सार्वजनिक ठिकाणी बेवारस पिशवी दिसली की माणसं घाबरतात, आणि ते योग्यच आहे. शिवाय मुलांना एकदा "इथे काहीतरी लपवलंय" म्हटलं की ती दगडाच्या फटीत हात घालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या जोडांना हे परवडणार नाही. त्यामुळे प्रत्येक ठाण्यावर एक माणूस उभा राहील. प्रश्नांची उत्तरं ऐकेल आणि चित्राचे तुकडे देईल.

तुकडे जाड पुठ्ठ्याचे. कडा सरळ कापल्या नाहीत, फुटलेल्या दगडासारख्या वाकड्यातिकड्या ठेवल्या. ताईंच्या भावानं कापून दिले आणि सुंदर दिले. पाठीवरच्या प्राण्याचा तुकडा मात्र कोरा ठेवायचा. पिलू की वाघ, हे ज्या त्या गटानं ठरवायचं आणि तो तुकडा स्वतः काढायचा. जुने प्रवासी जिथे एकमेकांशी सहमत झाले नाहीत, तिथे आम्ही मुलांना एक उत्तर देणं बरोबर नाही.

१६ नोव्हेंबर

ओळखीच्या मुलांना घेऊन चाचणी. माझी भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि शेजारचे दोन भाऊ.

मनोरा उत्तम चालला. घोडाही. "ओझं म्हणजे राजपुत्र का?" असं धाकट्या भावानं विचारलं आणि सगळी हसली. हत्तीपाशी मात्र तीच गोष्ट झाली जी मला बसल्याजागी दिसली होती. कोडं वाचलं, "हत्ती!" म्हणून धावली, प्रश्नांची उत्तरं भराभर दिली, तुकडे घेतले आणि जुळवायला बसली, ती हत्तीकडे पाठ करून. कागदाचा हत्ती जुळवताना दगडाच्या हत्तीकडे एकदाही मान वळली नाही.

एवढ्यात भाचीचं एका तुकड्यावरून अडलं. कडा दोन ठिकाणी बसत होती. ती उठून हत्तीजवळ गेली, वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूला गेली, परत आली आणि म्हणाली, "मावशी, हा हत्ती नाहीये. हे हत्तीचे तुकडे आहेत. नीट बघ ना, इथून तिथपर्यंत जोड आहे." मग बाकीचीही उठली. त्यानंतर ती सगळी जवळजवळ अर्धा तास हत्तीभोवती होती. कुठला जोड रुंद, कुठला बारीक, पोटाखालून कसा दिसतो, यावर वाद. आम्ही सगळे मोठे गप्प उभे होतो. मधे बोलायची कुणाची छाती नव्हती.

चाचणीनं हे हातात दिलं: तुकडे अवघड हवेत. सोपे असले तर कागदावरच भागतं. दगडाकडे पाहिल्याशिवाय जुळणार नाहीत, असेच तुकडे पाहिजेत.

२३ नोव्हेंबर

पुठ्ठ्याचे तुकडे नव्यानं केले. चित्रात आधी छाया, सुरकुत्या, डोळा सगळं होतं. आता फक्त बाह्यरेषा आणि जोडांच्या रेषा. त्या रेषा आम्ही समोर बसून, हत्तीकडे बघून काढल्या. एका बाजूनं जमल्या. दुसऱ्या बाजूला काही ठिकाणी जोड आहे की दगडाची मूळची चीर, यावर आमच्यातही एकमत झालं नाही. तिथे तुटक रेषा ठेवली.

दोन कामं वाढवली.

पहिलं हॅमिल्टनचं. तुकडे हातात मिळण्याआधी गटानं हत्तीपासून मागे मागे जायचं आणि जिथून तो खरा वाटायला लागेल तिथे थांबायचं. दोनशे यार्ड म्हणजे १८० मीटरच्या वर. आवारात एवढी मोकळी सरळ नजर मिळत नाही, पण तेवढ्याची गरजही नाही. प्रत्येक मूल वेगळ्या जागी थांबेल. का थांबलास, एवढंच विचारायचं.

दुसरं मापाचं. हत्तीला हात न लावता १३ फूट २ इंच किती होतात हे समजायला मुलांनी बाजूला हात पसरून रांग करायची. चार मीटरची दोरी स्वयंसेवकाकडे असेल, रांग झाल्यावर ती ताणून पडताळायची.

छपाई, शिट्ट्या, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, नावनोंदणी: यादी दादाकडे.

७ डिसेंबर

खेळ झाला. सहा गट.

सकाळी पहिला गट मनोऱ्याखाली माना वर करून उभा होता तेव्हा बागेत आलेली इतर माणसंही थांबून वर बघायला लागली. कुणी विचारलं, "काय आहे हो वर?" एका मुलानंच सांगितलं, "रात्र आहे. ती बघा, त्या बाजूला." आमच्या माणसाला काही बोलावंच लागलं नाही.

घोड्यापाशी एका आजोबांनी गटाला थांबवलं. त्यांनी तरुणपणी हा घोडा फोर्टात पाहिलेला होता. तिथे कुठे उभा होता, कुठल्या बाजूला तोंड होतं, हे त्यांनी काठीनं दाखवलं. त्या गटाची पंधरा मिनिटं तिथे गेली आणि तो गट शेवटून पहिला आला, पण परत आल्यावर तोंडभरून बोलत होता तोच. पुढच्या वेळी असा वेळ मोकळा ठेवायलाच हवा. वेळेवर गुण ठेवणं काढून टाकायचं.

हत्तीपाशी बहुतेक सगळे गट अडले आणि आम्हाला तेच हवं होतं. तुकडे हातात धरून मुलं दगडाभोवती फिरत होती, खाली बसत होती, एकमेकांना हाका मारत होती. एका गटानं तुकडे जमिनीवर मांडायच्या आधी कामं वाटून घेतली: दोघं डाव्या बाजूला, दोघं उजव्या, एक जण मधे निरोप्या. हे आम्ही कुणी सुचवलं नव्हतं. हॅमिल्टनचं काम लहान मुलांना फारसं भावलं नाही, मोठ्यांना भावलं. मापाची रांग सगळ्यांना आवडली.

कोऱ्या तुकड्यावर चार गटांनी पिलू काढलं, एकानं वाघ. सहाव्या गटानं पाठ मोकळीच ठेवली. विचारलं तर त्यातली मुलगी म्हणाली, "जोडणाऱ्यांना सापडला नसेल तर आम्ही का घालू?" तिच्याशी वाद घालावासा वाटला नाही. तिचा मुद्दा पक्का आहे.

बक्षीस म्हणून प्रत्येक गटाला त्यांनीच जुळवलेला हत्ती पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. मागच्या बाजूला कच्च्या कागदावरची माहिती छापली आहे.

१४ डिसेंबर

हिशेब आणि पुढचं.

नकाशा, तिन्ही कोडी, तुकड्यांचा साचा आणि स्वयंसेवकांसाठीचा कागद एकत्र करून ठेवला. एका शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी मागितला आहे, त्यांना पाठवला. साच्यातली तुटक रेषा तशीच ठेवायला त्यांना आवर्जून सांगितलं.

मराठीबरोबर हिंदी प्रतही हवी. खेळाच्या दिवशी दोन कुटुंबं शेवटपर्यंत बाजूला उभी राहून बघत होती, त्यांना सहज घेता आलं असतं. कोड्यांचं नुसतं भाषांतर जमणार नाही, हिंदीतली कोडी नव्यानंच लिहावी लागतील.

नीट न दिसणाऱ्या मुलांसाठी काय करता येईल, हा प्रश्न ताईंनी काढला. दगडाला हात लावता येत नाही, पण जोडांसकट छोटा हत्ती मातीचा किंवा लाकडाचा केला, तर तो हातात घेऊन चाचपता येईल, तुकडे सुटे करून परत बसवता येतील. एका मूर्तिकाराशी बोलणं सुरू आहे. फेब्रुवारीच्या आत नमुना हाती आला पाहिजे.

आणि घारापुरी. खेळाचा दुसरा भाग बेटावर करायचा, हे सगळ्यांच्या मनात आहे. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही, म्हणून मार्चच्या आत. तिथे हत्ती नाही, हेच पहिलं कोडं. मुलांनी भायखळ्यात जुळवलेला पुठ्ठ्याचा हत्ती बरोबर आणायचा आणि पाईकच्या चित्राच्या आधारे तो कुठे उभा असेल हे जुन्या बंदराच्या बाजूला शोधायचं. दादा पुढच्या आठवड्यात बेटावर जाऊन चालण्याची वाट आणि भरती-ओहोटीच्या वेळा बघून येईल. मी तोवर तिथल्या दोन ओळी लिहायला घेते.